काळा धूर आणि नानांचं नाक

"पहिले तोंड उघाड, मंग मी बोनट उघाडस."

सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून एक पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी आत शिरली की तिथले नाना मिस्तरी एवढंच म्हणायचे आणि ड्रायव्हरला लाकडी बाकावर बसवायचे. गाडी उन्हात उभी. नाना समोर स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग चौकशी. गाडी कोणाकडून घेतली, डिझेल कुठे भरतोस, कांदा किती लादतोस, खरं किती लादतोस, काल कोणी हात लावला होता का, मेव्हण्याने लावला होता का. पोलीस बरे, असं ड्रायव्हर म्हणायचे. पोलीस निदान मेव्हण्याचं विचारत नाहीत.

मी स्वतः त्या बाकावर बसलेली आहे आणि नानांच्या तोंडावर साफ खोटं बोललेली आहे. आज तेच सांगायला बसले आहे. तुम्ही काय म्हणायचं ते नंतर म्हणा.

नाना दिसायला मिस्तरी वाटायचेच नाहीत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात पानाऐवजी पाना. हात कोपरापर्यंत काळे, पण सदऱ्यावर थेंब नाही. गॅरेजात उभे राहिले की एखादे मुख्याध्यापक गाडी दुरुस्त करायला चुकून आलेत असं वाटायचं. आणि नाक! नाना दारातून आत येताना आधी नाक यायचं, मागून नाना.

सगळी करामत त्या नाकाची. पहूरपासून शिंदखेड्यापर्यंत लोक गाड्या घेऊन यायचे ते नानांनी धूर हुंगावा म्हणून. नाना गाडी चालू करायला सांगायचे, मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकायचे, हात पाठीवर बांधायचे, डोळे मिटायचे आणि एकच श्वास घ्यायचे. दुसरा नाही. उठून म्हणायचे, "नोजल." नाहीतर म्हणायचे, "फिल्टर." आणि तेच निघायचं. पहूरच्या एका कापूसवाल्याचा किस्सा तिथे पाठ होता सगळ्यांना. तो छातीठोकपणे सांगत होता की गाडीला काही म्हणजे काही केलेलं नाही. नानांनी वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "रॉकेल कोणी दिलं?" कापूसवाल्याचे कान लाल झाले. पुढची पाच वर्षं तो गाडी भावाबरोबर पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

धुराचं त्यांचं शास्त्र सोपं होतं. पांढरा धूर म्हणजे पाणी, निळा म्हणजे ऑइल, आणि काळा म्हणजे हाव. खाणं ढीगभर आणि श्वास चिमूटभर, म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. माणसाचं असं झालं की ढेकर येतो, गाडीचं झालं की काळा धूर येतो, असं ते समजावून सांगायचे, आणि सांगताना समोरच्याच्या पोटाकडे बघायचे.

आता माझं. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. सासर जळगावात. लग्नानंतर पंधरा वर्षं लोकांच्या घरची केळी खाल्ली आणि मग ठरवलं, आता लोकांनी आपली खावीत. केळीच्या वेफर्सचा उद्योग काढला. आठ बायका सोलतात, किसतात, तळतात. माल धुळ्याला जातो, शिंदखेड्याला जातो. तो न्यायला मी एक जुनी टर्बो डिझेल पिकअप घेतली, शिंदखेड्याच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून. चालवते मीच. धुळ्याच्या बाजारपेठेत मला बघून लोक बाजूला होतात. आदराने होतात असं मी समजते.

तळणाचं तेल चार घाण्यांनंतर काळं पडतं. ते पुन्हा कढईत घालायचं नाही हा माझा नियम. पण टाकून द्यायचं म्हटलं की हात पुढे होत नाही, हा माझा स्वभाव. डबेच्या डबे साठले होते मागच्या अंगणात. एकदा फोनवर पाहिलं, परदेशात कोणीतरी माणूस तळणाच्या उरलेल्या तेलावर मोटार पळवतोय आणि वर हसतोय. म्हटलं, मग आम्हीच काय घोडं मारलंय? जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घेतली, तेल गाळलं आणि डिझेलच्या टाकीत ओतलं. थोडंच. पिकअप काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात जरा जास्त ओतलं.

महिन्याभरात धूर सुरू झाला. साधासुधा नाही. सोनगीरच्या चढाला मी गिअर टाकला की मागचं जग नाहीसं व्हायचं. एकदा एक गृहस्थ मोटारसायकल माझ्यापुढे आडवी घालून थांबले. पांढरं धोतर, पांढरी टोपी असावी असा अंदाज. दिसत होते फक्त डोळे. "माय, मी सोयरीक जोडाले जाई ऱ्हायनू," ते म्हणाले, रागाने नाही, अगदी कळवळून. मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि वेफर्सचं पाकीट दिलं. सोयरीक जुळली की नाही ते मला ठाऊक नाही.

तरी मला तेलाचा संशय आला नाही. खोटं कशाला सांगू, आला होता, पण मी त्याला दारातूनच परत पाठवला. मी फोन केला तो कांदेवाल्या भाऊंना. तुम्ही मला बिघडलेली गाडी गळ्यात मारली, बाईमाणूस बघून फसवलंत, असं बरंच काही बोलले. माझं तोंड सुटलं की घरातली मांजरंसुद्धा माळ्यावर जातात. कांदेवाले भाऊ मात्र शांत माणूस. त्यांनी सांगितलं की गाडी नानांना दाखवा, नाना म्हणतील तो निकाल. दोष जुना निघाला तर ते गाडी परत घेणार. मला तरी आणखी काय हवं होतं?

अशी मी त्या बाकावर येऊन बसले.

नानांनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, एक सोडून. शेवटी त्यांनी तेही विचारलंच. "ताई, डिझेलशिवाय टाकीत काही?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाना, मी काय वेडी आहे का?"

मग ते उठले आणि सायलेन्सरकडे गेले. आणि गाडीला तर वास येत होता. तुम्ही यात्रेत भज्यांच्या गाड्याजवळून गेला असाल तर तो वास. धुळ्यात कुत्री माझ्या पिकअपमागे धावायची, भुंकायची नाहीत, नुसती आशेने धावायची. पहूरचं रॉकेल ज्यांनी एका श्वासात ओळखलं ते नाना आता वाकले, हात पाठीवर बांधले, डोळे मिटले. मी मनात देवीला नारळ बोलले.

नाना उठले, पण निकाल दिला नाही. पिकअपच्या मागच्या हौद्यात त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवायला लावली, उलटं तोंड करून तीत बसले, हातात काठी घेतली आणि मला चालवायला सांगितलं. केबिनवर काठीचा एक ठोका म्हणजे गिअर वाढव, दोन ठोके म्हणजे दाब. पांढऱ्या सदऱ्यातले नाना माझ्या मागे खुर्चीवर बसून सोनगीरचा चढ चढत होते आणि धुराकडे बघत होते. रस्त्यावरचे लोक नमस्कार करत होते, कारण हौद्यात खुर्चीवर बसलेला माणूस उमेदवारच असणार. नानाही हात वर करत होते.

परत आल्यावर त्यांनी बोनट उघडलं आणि टर्बोचा रबरी पाइप काढून दाखवला. खालून फाटलेला, आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. इंजिनाला जायची हवा तिथूनच बाहेर सुटत होती. पट्टी अर्थात कांदेवाल्या भाऊंची. पाइप बदलला आणि धूर निम्म्यावर आला, गाडी परत करायचं कारणच उरलं नाही. मी हवेत! गाडी माझी, दोष त्यांचा, आणि त्या नाकाखालून माझं तेल सुटलेलं. परत जाताना मी स्टिअरिंगवर ताल धरला होता.

आता पुढचा शहाणपणा ऐका. मी असा हिशेब मांडला की ज्या नाकाला तेल चाललं, त्या गाडीला ते चालतंच. नानांनी पास केलं म्हणजे झालंच की! मी तेल दुप्पट केलं.

पंधरा दिवसांत पिकअप आगगाडीच्या जुन्या इंजिनासारखी दिसायला लागली. आणि मी काय केलं, तर धुळ्यात दुकानादुकानांतून नानांची बदनामी केली. पाकिटं मोजून देता देता सांगायचे की नानांचं काही खरं नाही आता, त्यांचं नाक पेन्शनीत निघालं. लोक हसायचे. मलाही आपण फार चतुर बोललो असं वाटायचं. तोंडाला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर ओठही नव्हते.

हे नानांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? त्यांचा निरोप आला. गाडी घेऊन या, कांदेवाल्यांनाही बोलावतो, चारचौघांसमोर बघू.

गेले तेव्हा चौघे नव्हते, दहा-बारा होते. हायवेवरचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या सोडून तमाशा बघायला थांबले होते. कांदेवाले भाऊ कडक इस्त्रीत. नानांनी मला बाकावर बसवलं आणि पुन्हा तेच विचारलं, डिझेलशिवाय टाकीत काही? मी पुन्हा नाही म्हटलं. नाना गाडीमागे गेले. एक श्वास घेतला. मग, आणि हे कोणी पूर्वी पाहिलं नव्हतं, दुसरा घेतला. मग तिसरा.

"वासात काही नाही," नाना म्हणाले.

आणि तेवढ्यात एक ड्रायव्हर सहज बोलून गेला, "भजी कुठे तळताहेत रे?"

सगळ्यांची नाकं वर झाली. सगळे शेजारच्या हॉटेलकडे बघायला लागले. हॉटेलला कुलूप होतं, मालकाच्या घरी लग्न होतं. मग एकेकाची मान हळूहळू माझ्या पिकअपकडे वळली. आणि नाना? नानांनीही मान वर केली होती, सगळ्यांसारखंच नाक फुलवलं होतं, पण ते हॉटेलकडे बघत नव्हते. ते माणसांच्या तोंडांकडे बघत होते. एकेक तोंड वाचत होते, कुठला वास, कुठून येतोय, ते कळावं म्हणून. मी आयुष्यात इतका एकटा माणूस पाहिलेला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नानांना वास येतच नव्हता.

जुने ड्रायव्हर म्हणायचेच, की हे बाकावर बसवणं, ही खुर्ची, ही काठी, हे सगळं दोन-तीन वर्षांतलं. पूर्वी नाना हुंगून मोकळे व्हायचे. वय झालं की माणूस बोलका होतो, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची बदनामी मी विनोद म्हणून गावभर केली, ती खरी होती, आणि अजून अर्ध्या मिनिटात ती या दहा-बारा जणांना कळणार होती. त्यातला एकजण ओठ दाबून हसायलाही लागला होता. आज कळलं असतं तर उद्या सकाळी ते पहूरला पोचलं असतं.

मी उठले. आवाज माझा मुळातच मोठा, त्या दिवशी तो कामाला आला.

"भजी कोणी तळत नाही. माझ्या टाकीत वेफर्सचं तेल आहे. नानांनी मागच्याच खेपेला मला पकडलं होतं. बाईची लाज चारचौघांत नको म्हणून ते बोलले नाहीत, बाजूला घेऊन बंद कर म्हणाले. मी ऐकलं नाही. आजही ते मलाच सांभाळून घेताहेत."

मग कांदेवाले भाऊ बोलले, आणि शांत माणूस बोलायला लागला की थांबत नाही. मी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं की सायकलच्या ट्यूबचं काय. तेव्हा त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि विषय संपला. गाडी माझ्याकडेच राहिली. ड्रायव्हर मंडळींनी नानांकडे अशा काही आदराने पाहिलं की मघाशी हसणाऱ्याने तर वाकून पायाच धरले. चूक पकडली आणि झाकलीही, असा मिस्तरी त्यांनी पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, मीच तो तिथल्या तिथे तयार केला होता.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाकी रिकामी करा."

दिवसभर काम चाललं. टाकी धुतली, नोजलं काढून साफ केली. तेलाने त्यांच्या तोंडांवर डांबरासारखी खपली धरली होती, त्यामुळे डिझेलची फवारणी न होता नुसती धार लागत होती आणि ते अर्धवट जळत होतं. दुपार कलली तेव्हा माणसं पांगली. नानांनी दोन चहा सांगितले आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. स्टुलावर नाही.

"वास कसा येत होता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. यात्रेतल्या भज्यांसारखा, पण शिळ्या तेलाचा. वर थोडा करपट. आणि शेवटी केळीचा गोडसर, अगदी बारीक. नाना डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तर म्हणाले, "आणखी सांग." मी आणखी सांगितलं. चहा दोघांचाही निवला.

वास करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, ते म्हणाले. ताप आठ दिवसांत उतरला, नाक काही परत आलं नाही. धुळ्याचे डॉक्टर झाले, जळगावचे झाले. पावसाची माती नाही, डिझेल नाही, फोडणी नाही. मी विचारलं, घरी माहीत आहे का. त्यांनी जोरात मान हलवली. अक्काचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, सगळा जीव स्वयंपाकात, तिला कळलं तर ती चूल पेटवताना रोज रडेल.

"लोक माझ्याकडे येत नाहीत ताई. नाकाकडे येतात," ते म्हणाले. "म्हणून आता बाकावर बसवतो. नाक नाही तर माणसाच्या तोंडावर चालवायचं. तू तोंडावर खोटं बोललीस, मग मी काय करणार?"

मी चारचौघांत कधी रडत नाही. तिथे चारचौघे नव्हते, म्हणून रडून घेतलं. मग नाक पुसलं आणि म्हटलं की नाना, माझं आहे ना.

अशी मी नानांचं नाक झाले. माझा माल मंगळवारी धुळ्यावरून शिंदखेड्याला जायचा, म्हणून नाना अवघड गाड्यांना म्हणायला लागले, "मंगळवारी आण." हायवेवर लगेच गाजलं की नाना देवीचं काहीतरी करतात, काळ्या धुराच्या गाड्या मंगळवारीच बघतात. एकाने तर येताना सायलेन्सरला हळदकुंकू लावून आणलं. नाना काही बोलले नाहीत, कारण बोलले असते तर काय बोलले असते?

मी वेफर्सचं पाकीट द्यायच्या निमित्ताने धुरातून चालत जायचे आणि नानांजवळ जाऊन वेफर्सबद्दल बोलायचे. मीठ जास्त झालं म्हटलं की कच्च्या डिझेलचा वास. तेलकट झाले म्हटलं की इंजिन ऑइल जळतंय. नाना मान हलवायचे, मग सायलेन्सरपाशी वाकायचे, हात पाठीवर, डोळे बंद, एक श्वास. दुसरा नाही. उठून निकाल द्यायचे. मला बाजूला उभं राहून आश्चर्य वाटल्याचं दाखवावं लागायचं, आणि ते मला चांगलं जमतं.

एका मंगळवारी मला सर्दी झाली. साधी नाही, डोकं भरून. पहूरचा एक ट्रक आलेला, जिनिंगचा कापूस वाहणारा, मागे ढगच्या ढग. मी धुरातून दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले. नाना माझ्याकडे आशेने बघत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा." त्यांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, 'दादा' म्हणजे 'नाना', नाक बंद आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन माणसं, दोन नाकं, आणि एकही चालू नाही. मला हसू आवरेना, आणि हसले तर शिंकांवर शिंका.

नानांनी मग ट्रकभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोटावरची काजळी चोळून पाहिली, शिडीवर चढून टपावर काय साचलंय तेही पाहिलं. खाली उतरून एअर फिल्टर काढायला सांगितलं. आतून उशी भरता येईल एवढा कापूस निघाला.

त्या दिवशी नाना मला काहीतरी वेगळेच दिसले. "चाळीस वर्षं या नाकाने डोळ्यांना काम करू दिलं नाही," ते म्हणाले, आणि माझं पाकीट फोडून वेफर्स खात बसले. पुढे पुढे माझी गरज कमी होत गेली. मी तरी मंगळवारी थांबायचेच. मीठ जास्त झालं म्हणायचे आणि नाना म्हणायचे, माहीत आहे, बघितलं मी.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. सकाळी चहा पिता पिता, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. हायवेवरच्या ड्रायव्हरांनी त्या दिवशी गॅरेजसमोरून जाताना हॉर्न वाजवला नाही, म्हणे. मला दोन दिवसांनी कळलं. मी पिकअप बाजूला घेतली आणि केबिनमध्ये बसून हवं तेवढं रडले.

महिना-दीड महिन्याने संध्याकाळची अक्कांना भेटायला त्यांच्या घरी गेले. नाना राहायचे ते गॅरेजामागच्या गावातच. अक्का ठेंगण्या, गोऱ्या, हात सारखा पदराला पुसणाऱ्या. मला ओळखत नव्हत्या. वेफर्सवाली म्हटल्यावर ओळखलं. चहा झाला. मग त्या नानांबद्दल बोलायला लागल्या, आणि बाकी कोणत्याही गोष्टीबद्दल नाही, नाकाबद्दलच.

"फाटकमाईनच सांगेत, आज काय रांधं ते," अक्का म्हणाल्या. "भरीत ते भरीत, मेथी ते मेथी. एक दिन चुकनात नहीत. शेवटलग."

फाटकातूनच ओळखायचे, आणि शेवटपर्यंत. मी कप खाली ठेवला. नानांच्या बाकावर बसून खरं बोलायचं असतं हे मी फार उशिरा शिकले होते, पण हा काही नानांचा बाक नव्हता.

"हो ना अक्का," मी म्हटलं. "नाक फारच तेज होतं नानांचं."

अक्का खूश झाल्या. जेवून जा म्हणाल्या, मी नको म्हटलं, तशा त्या चुलीकडे वळल्या. मी निघाले. अंगण ओलांडून फाटकापाशी आले आणि कडी काढता काढता थबकले. फाटकाच्या आतल्या अंगाला शेळी बांधलेली होती, आणि तिच्यासाठी एक पत्र्याची बादली ठेवलेली होती. बादलीत अक्कांनी दुपारी चिरलेल्या भाजीच्या साली होत्या. गिलक्याच्या. हिरव्या, ताज्या, वरच पडलेल्या. बाहेरून येणाऱ्या माणसाला कडी काढताना वाकावं लागायचं, आणि वाकलं की बादली डोळ्यांसमोर.

नानाही इथेच वाकत असणार. तीन-साडेतीन वर्षं, रोज संध्याकाळी. मेथीच्या काड्या, वांग्यांची भाजलेली सालं, शेवग्याची टोकं. एकदाही चुकले नाहीत.

मग मी मोठ्याने हाक मारली.

"अक्का! आज गिलक्याची भाजी ना?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग अक्का पदराने डोळे टिपत दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

"तुनं नाक बी त्यास्नासारखंच शे, माय," त्या म्हणाल्या.